लेसरच्या तालावर मोजमाप

मार्च २०१४ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात इटलीतल्या पिसा शहरातील संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी एक रडार बांधले होते. पाठवायच्या लहरी नेहमीच्या रेडिओलहरीच होत्या, पण रडारच्या पोटात एकच लेसर बसवला होता आणि जाण्यायेण्याची दोन्ही कामे तोच सांभाळत होता. बाहेर जाणारी लहर त्याच्या स्पंदनांतून घडवली जात होती. विमानावर आपटून परत आलेल्या क्षीण लहरीचे आकड्यांत रूपांतरही त्याच स्पंदनांच्या मदतीने होत होते. पाओलो गेल्फी, अँटोनेला बोगोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे यंत्र आकाशातून जाणाऱ्या खऱ्याखुऱ्या विमानांवर रोखून पाहिले, आणि ते अपेक्षेप्रमाणे चालले.

रडारला विमान दिसले यात काही नवल नाही. ते तर दुसऱ्या महायुद्धातही दिसत होते. नवलाचा भाग मधल्या पायरीत होता. सलग वरखाली होणाऱ्या, म्हणजे अॅनालॉग, सिग्नलचे डिजिटल आकडे करण्याचे काम एरवी सिलिकॉनच्या चिपा एकहाती करतात. पिसामध्ये त्या कामातला सर्वांत अवघड तुकडा काढून प्रकाशाच्या हवाली केला होता. संपूर्ण काम प्रकाशाकडे दिलेले नव्हते, हे महत्त्वाचे. या क्षेत्राची गेल्या पन्नास वर्षांची धडपड पाहिली तर यश बहुतेक वेळा अशा कामवाटपालाच आलेले दिसते.

‘किती’ आणि ‘कधी’

मायक्रोफोनमधून येणारा व्होल्टेज असो, अँटेनात उठलेला रेडिओसिग्नल असो किंवा हृदयाच्या ठोक्याचा आलेख असो, तो सलग असतो. संगणकाला मात्र आकडेच लागतात. हे भाषांतर करणाऱ्या उपकरणाला अभियंते एडीसी म्हणतात. त्याची कामे दोन. ठरावीक अंतराने सिग्नलचा नमुना उचलायचा आणि त्या नमुन्याची उंची मोजून तिला जवळच्या आकड्यात बसवायचे.

किती वेळा नमुने घ्यावेत, याचा हिशेब हॅरी नायक्विस्ट (१९२८), व्लादिमीर कोतेल्निकोव्ह (१९३३) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांनी घालून दिला. सिग्नलमध्ये ज्या रुंदीचा वारंवारता-पट्टा आहे, त्याच्या किमान दुप्पट वेगाने नमुने घेतले तर मूळ सिग्नल पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. टेलिफोनमध्ये आवाज सुमारे ३,४०० हर्ट्झपर्यंत घेतात, म्हणून सेकंदाला ८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला ८ बिट. सीडीवरच्या संगीतासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येकी १६ बिट. बोलण्याचे आकडे करून ते तारेतून पाठवण्याची कल्पना अॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने पॅरिसमध्ये काम करताना मांडली आणि १९३८ मध्ये तिचे फ्रेंच पेटंट घेतले. त्या काळच्या व्हॉल्व्हवर ती परवडणारी नव्हती. ट्रान्झिस्टर आल्यावर तिचे दिवस पालटले.

आता टेलिफोनकडून रडारकडे, उपग्रहाच्या दुव्याकडे किंवा फायबरमधून धावणाऱ्या इंटरनेटच्या वाहतुकीकडे या. इथे वारंवारता किलोहर्ट्झमध्ये नसते, दहा-वीस-चाळीस गिगाहर्ट्झमध्ये असते. चाळीस गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा पूर्ण पकडायचा तर सेकंदाला किमान ८० अब्ज नमुने हवेत, म्हणजे दर साडेबारा पिकोसेकंदांना एक. एवढ्या वेळात प्रकाशही पावणेचार मिलिमीटरच पुढे सरकतो.

ठोका चुकला की बिट गेला

वेगाने नमुने घेणे ही अडचणीची अर्धीच बाजू. खरा घोळ वेळेच्या नेमकेपणाचा आहे. नमुना ज्या क्षणी घ्यायचा, त्या क्षणाच्या किंचित आधी किंवा किंचित नंतर तो घेतला गेला, तर हाती आलेला आकडा त्या मधल्या वेळात सिग्नल जितका बदलला तितका चुकतो. सिग्नल मंद असेल तर ही चूक नगण्य ठरते. तो वेगाने चढत-उतरत असेल तर ती अंगावर येते. घड्याळाच्या ठोक्याच्या या पुढेमागे होण्याला अभियंते ‘जिटर’ म्हणतात.

टेलिफोनच्या आवाजाचे आठ बिट शाबूत ठेवायचे तर ठोका शंभर नॅनोसेकंदांनी इकडेतिकडे झाला तरी चालतो. दहा गिगाहर्ट्झच्या सिग्नलचे मात्र तसे नाही. तिथे जिटर शंभर फेमटोसेकंद, म्हणजे वरच्या सवलतीच्या एक दशलक्षांश असला, तरी सिग्नल सर्वांत तीव्र चढावर असताना होणारी चूक त्याच्या शिखराच्या उंचीच्या सुमारे ०.६ टक्के भरते. मग चिपवर दहा किंवा बारा बिट छापलेले असोत, खरोखर कामाचे बिट सातच्या आसपास उरतात. सिग्नलची वारंवारता दुप्पट झाली की आणखी एक बिट जातो.

इलेक्ट्रॉनिक घड्याळ एवढे अचूक करणे कठीण का? क्वार्ट्झचा मूळ ठोका उत्तम असतो. पण तो काही गिगाहर्ट्झपर्यंत वाढवायचा, अॅम्प्लिफायरमधून न्यायचा, चिपभर पसरलेल्या हजारो ट्रान्झिस्टरपर्यंत पोचवायचा, आणि त्या प्रत्येक ट्रान्झिस्टरने तो ‘आता’ म्हणून ओळखायचा. वाटेत प्रत्येक टप्प्यावर उष्णतेमुळे होणारा इलेक्ट्रॉनांचा गोंगाट थोडी थोडी भर घालतो. रॉबर्ट वॉल्डन या अभियंत्याने १९९९ मध्ये तोवरच्या एडीसींचा मोठा आढावा घेतला. नमुन्यांचा वेग दुप्पट केला की साधारण एक बिट गमवावा लागतो, असे त्याला दिसले. शिवाय कोणताही एक वेग धरला, तर आधीच्या आठ वर्षांत सुधारणा जेमतेम दीड बिटाची होती. प्रोसेसर दर दोन वर्षांनी दुप्पट ताकदवान होत होते, तो हा काळ. आकडे चघळणारी यंत्रे धावत सुटली होती आणि त्यांना आकडे पुरवणारे दार मात्र मुंगीच्या पावलाने रुंद होत होते.

लेसरमध्ये घड्याळ

अशा वेळी भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती एक घड्याळ आधीपासूनच होते: मोड-लॉक्ड लेसर. साध्या लेसरमधून प्रकाश सलग बाहेर पडतो. मोड-लॉक्ड लेसरमध्ये हजारो निरनिराळ्या वारंवारतांचा प्रकाश एकाच वेळी तयार होतो आणि त्या सगळ्या एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून चालतात. जिथे सगळ्यांचे शिखर जुळते, तिथे एक अत्यंत आखूड स्पंदन बनते. बाकी ठिकाणी त्या एकमेकींना पुसून टाकतात. हे स्पंदन लेसरच्या आत फेऱ्या मारत राहते आणि दर फेरीला त्याचा थोडा अंश बाहेर येतो. अर्बियम मिसळलेल्या फायबरचे दोन मीटरांचे वेटोळे घेतले तर सेकंदाला सुमारे दहा कोटी स्पंदने मिळतात, प्रत्येक साधारण शंभर फेमटोसेकंद लांबीचे.

आखूडपणापेक्षा मोलाचा आहे तो त्यांचा नियमितपणा. दोन स्पंदनांमधले अंतर केवळ वेटोळ्याच्या लांबीवर ठरते. एकेका स्पंदनात फोटॉनांची संख्या प्रचंड असते, त्यामुळे एखाद्या फोटॉनाच्या लहरीपणाने स्पंदनाचा मध्य फारसा ढळत नाही. थोड्या अवधीपुरता हिशेब केला तर चांगल्या मोड-लॉक्ड लेसरचा जिटर एका फेमटोसेकंदाच्याही खाली जातो. याच जातीच्या लेसरांतून मिळणाऱ्या ‘फ्रीक्वेन्सी कोंब’ (समान अंतरावरच्या वारंवारतांचा ‘कंगवा’) या तंत्रातील कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हान्श यांना २००५ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

आता प्रश्न उरला तो या घड्याळाशी रेडिओसिग्नलची गाठ घालून देण्याचा. ती गाठ मॉड्युलेटरमध्ये पडते. हाताच्या पंजाएवढी लांब आणि बोटभर रुंद अशी ही धातूची पेटी. एका टोकाने फायबर आत जाते, दुसऱ्या टोकाने बाहेर येते आणि बाजूला रेडिओसिग्नलची केबल लावायची जागा असते. आत लिथियम निओबेटच्या स्फटिकाची पट्टी. तिच्यात प्रकाशाची वाट दुभागते, दोन्ही वाटा काही सेंटिमीटर समांतर जातात आणि पुन्हा एक होतात. वाटांच्या कडेने सोन्याचे इलेक्ट्रोड असतात. त्यांवर व्होल्टेज आला की स्फटिकाचा अपवर्तनांक किंचित बदलतो, एका वाटेवरचा प्रकाश दुसऱ्याच्या तुलनेत जरा मागे पडतो, आणि दोघे भेटतात तेव्हा व्यतिकरणामुळे एकमेकांना वाढवतात किंवा खोडतात. व्होल्टेज किती, त्यावर बाहेर पडणारा उजेड किती ते ठरते.

लेसरचे स्पंदन या पट्टीतून जाताना त्या क्षणीचा व्होल्टेज आपल्या तेजात नोंदवून घेते. म्हणजेच नमुना घेतला गेला. ‘कधी’चा निकाल लागला तो स्फटिकाच्या आत, स्पंदन तिथून गेले त्या क्षणी. पुढे ते स्पंदन फोटोडिटेक्टरवर पडते आणि एक विद्युत्-धक्का तयार होतो. त्या धक्क्याला वेगवान किंवा वेळेबाबत काटेकोर असण्याची गरज राहत नाही. त्यात एकूण ऊर्जा किती, एवढेच मोजायचे असते. हे ‘किती’चे काम एक साधी, शांतपणे चालणारी इलेक्ट्रॉनिक चिप उत्तम करते. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत पॉल जुओडावल्किस आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास या रचनेला आणखी एक जोड दिली. मॉड्युलेटरमध्ये एका बाजूने उजेड घटतो तेव्हा दुसऱ्या बाजूने वाढतो. त्यांनी ही दोन्ही तोंडे मोजली आणि त्यांच्या गुणोत्तरातून व्होल्टेज काढला, त्यामुळे लेसरच्या तेजातले चढउतार हिशेबातून जवळजवळ वजा झाले.

एका चिपला सगळी स्पंदने पेलत नसतील तर ती वाटून देता येतात. एक स्पंदन लाल, पुढचे त्याहून किंचित कमी लाल, असे ठेवले की रंगांनुसार चाळणी लावून प्रत्येक रंग वेगळ्या डिटेक्टरकडे पाठवता येतो. (‘लाल’ हे सोयीसाठी; प्रत्यक्षात हा प्रकाश डोळ्याला न दिसणारा, सुमारे १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त असतो.) एमआयटीमधील फ्रान्झ केर्टनर, एरिक इपेन आणि इतरांच्या मोठ्या गटाने २०१२ मध्ये या मार्गाने ४१ गिगाहर्ट्झचा सिग्नल कामाच्या ७ बिटांसह आकड्यांत आणला. जिटर १५ फेमटोसेकंद. त्या वेळच्या उत्तमोत्तम इलेक्ट्रॉनिक एडीसींपेक्षा चार-पाच पट सरस.

प्रकाशानेच मोजले तर?

‘कधी’चे काम प्रकाश करतो, तर ‘किती’चेही त्यालाच का देऊ नये? हा मोह या क्षेत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. अमेरिकी नौदलाच्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या हेन्री टेलरने १९७५ मध्ये सुचवलेली युक्ती आजही पाठ्यपुस्तकात शोभावी अशी आहे.

वर सांगितलेल्या मॉड्युलेटरमध्ये व्होल्टेज वाढवत नेला की उजेड वाढतो, मग कमी होतो, पुन्हा वाढतो. टेलरने असे मॉड्युलेटर शेजारीशेजारी ठेवले आणि प्रत्येकाचा इलेक्ट्रोड आधीच्यापेक्षा दुप्पट लांब केला. लांब इलेक्ट्रोडच्या वाटेवर तोच व्होल्टेज दुप्पट परिणाम करतो, म्हणून तिथे उजेड-अंधाराची आवर्तनेही दुप्पट होतात. आता प्रत्येक वाटेच्या टोकाला एवढेच पाहायचे की उजेड अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी. जास्त असेल तर एक, कमी असेल तर शून्य. सगळ्या वाटांची उत्तरे ओळीने लिहिली की व्होल्टेजचा द्विमान आकडा तयार, आणि तोही ‘ग्रे कोड’मध्ये, ज्यात शेजारच्या दोन आकड्यांत एकाच बिटाचा फरक असतो. बेरीज नाही, तुलनांची साखळी नाही; स्फटिकातून प्रकाश गेला की उत्तर हजर.

अडचण त्या दुपटीतच लपलेली होती. पहिला इलेक्ट्रोड एक मिलिमीटरचा धरला तर आठव्या बिटाचा १२८ मिलिमीटर लांब होतो. एवढ्या लांबीवर प्रकाश आणि रेडिओसिग्नल बरोबरीने चालवणे अवघड. ते मागेपुढे झाले की वेगवान सिग्नलचा परिणाम आपला आपणच पुसला जातो. त्यामुळे टेलरची रचना थोड्या बिटांपलीकडे वाढू शकली नाही. पुढच्या दशकांत इतरांनी तिच्या अनेक आवृत्त्या काढल्या, पण बिटांची पायरी काही चढता आली नाही.

एअरोस्पेस कॉर्पोरेशनमधील जॉर्ज व्हॅली यांनी २००७ मध्ये या साऱ्या प्रयत्नांची चार खणांत मांडणी केली. पहिल्या खणात प्रकाश फक्त मदतनीस असतो. दुसऱ्यात तो नमुने घेतो, तिसऱ्यात मोजतो, चौथ्यात दोन्ही करतो. त्यांच्या त्या आढाव्यात भरवशाचे निकाल मुख्यतः पहिल्या दोन खणांतले होते.

मदतनीस प्रकाश कसा असतो, त्याचे एक साधे रूप पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला पाहायला मिळते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. ताऱ्यांकडून आलेला सिग्नल अँटेनापाशी अॅनालॉग स्वरूपातच लेसरच्या प्रकाशावर चढवला जातो, फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत आणला जातो आणि तिथे इलेक्ट्रॉनिक एडीसी त्याचे आकडे करतात. तांब्याच्या केबलमध्ये इतक्या अंतरावर रुंद पट्ट्याचा सिग्नल कोमेजून गेला असता. फायबरमध्ये किलोमीटरमागे घट अगदी किरकोळ असते. शिवाय डिजिटल सर्किटे स्वतःच रेडिओ-गोंगाट करतात, ती अँटेनांपासून दूर राहिलेली बरी. दुर्बिणीचे नूतनीकरण झाले तेव्हा एका वेळी पाहता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. त्यासाठी लेसरचे हे दुवेही नव्याने उभारावे लागले.

वेळ ताणणारे फायबर

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस आवारातील बहराम जलाली यांनी प्रश्नच उलटा धरला. चिप वेगवान होत नसेल तर सिग्नल सावकाश करू. १९९८-९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या तंत्राला ‘टाइम स्ट्रेच’ असे नाव पडले.

याच्या मुळाशी फायबरचा एक दोष आहे. काचेत निरनिराळ्या रंगांचा प्रकाश निरनिराळ्या वेगाने जातो. या अपस्करणामुळे आखूड स्पंदन फायबरमध्ये पसरत जाते आणि दळणवळणाचे अभियंते त्याच्या नावाने बोटे मोडतात. साध्या फायबरमध्ये १,५५० नॅनोमीटरजवळ तरंगलांबीत एक नॅनोमीटरचा फरक असलेले दोन किरण दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंदांनी एकमेकांपासून दुरावतात. वीस नॅनोमीटर रुंदीच्या रंगपट्ट्याचे स्पंदन पाच किलोमीटर फायबरमधून सोडले, तर ते १.७ नॅनोसेकंद लांब होते आणि त्यातले रंग एकामागून एक रांगेत लागतात. पुढे असणारा कोणता रंग, मधला कोणता, शेवटचा कोणता, हे पक्के ठरलेले असते.

हे रांगेत लागलेले स्पंदन मॉड्युलेटरमधून जाते तेव्हा सिग्नलचा १.७ नॅनोसेकंदांचा तुकडा त्याच्यावर लिहिला जातो: पहिल्या क्षणाचा व्होल्टेज पहिल्या रंगावर, नंतरचा नंतरच्या रंगावर. काळाचे रंगांत भाषांतर झाले. मग हेच स्पंदन आणखी ४५ किलोमीटर फायबरमधून न्यायचे. थोडे ताणून धरलेल्या इलॅस्टिकवर नक्षी काढावी आणि मग ते आणखी ओढावे, तशी सगळी नक्षी प्रमाणात लांबते. एकूण फायबर आता ५० किलोमीटर, म्हणजे पहिल्या पाचाच्या दहापट, म्हणून तुकडाही दहापट लांबून १७ नॅनोसेकंदांचा होतो. दहा गिगाहर्ट्झचा सिग्नल एक गिगाहर्ट्झ होऊन डिटेक्टरपाशी पोचतो. तिथल्या एडीसीच्या घड्याळाचा जिटर तोच असला तरी त्याचा उपद्रव दहाव्या हिश्शावर येतो.

हा सौदा फुकट मिळत नाही. १.७ नॅनोसेकंदांचा एक तुकडा ताणला जात असताना मूळ सिग्नल थांबलेला नसतो. तो अखंड पकडायचा तर किमान दहा समांतर वाटा हव्यात, आणि त्यांचे तुकडे सांध्यावर बेमालूम जुळायला हवेत. दुसरा त्रास सूक्ष्म आहे. मॉड्युलेटर मूळ प्रकाशाच्या दोन्ही बाजूंना सिग्नलच्या दोन प्रती तयार करतो. लांब फायबरमध्ये त्या प्रती एकमेकींशी तालात राहत नाहीत आणि ठरावीक वारंवारतांवर एकमेकींना खाऊन टाकतात. तेवढे सिग्नल जणू नाहीसेच होतात. उपाय पुन्हा मॉड्युलेटरच्या दुसऱ्या तोंडात सापडला. दोन्ही तोंडांतून निघणाऱ्या प्रकाशात ही खिंडारे वेगवेगळ्या वारंवारतांवर पडतील अशी व्यवस्था करता येते, मग एकात हरवलेले दुसऱ्यातून भरून घेतात. जलाली यांच्या गटाने २००७ मध्ये टाइम स्ट्रेचच्या मार्गाने सेकंदाला दहा लाख कोटी नमुने घेण्याइतकी बारकाई साधली, ती लहान तुकड्यांपुरती असली तरी.

मूळ कामापेक्षा जोडकाम मोठे

टाइम स्ट्रेचचा जन्म रडार आणि दळणवळणाच्या गरजेतून झाला. नाव मात्र त्याने वेगळ्याच ठिकाणी कमावले. साधारणपणे अतिवेगवान घटना मोजताना शास्त्रज्ञ ती पुन्हा पुन्हा घडवून सरासरी काढतात. टाइम स्ट्रेचला पुनरावृत्ती लागत नाही. घटना एकदाच घडली तरी ती पकडली जाते. त्यामुळे सरासरीत बुडून जाणाऱ्या गोष्टी वर येऊ लागल्या.

१ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या नॉर्वेच्या ड्रॉपनर फलाटावर २५.६ मीटर उंचीची एक लाट नोंदवली गेली. आजूबाजूच्या लाटांपेक्षा अवाढव्य अशी एखादी लाट अवचित उठते, हे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. उपकरणाची खणखणीत साक्ष तेव्हा मिळाली. अशा लाटांचे गणित आणि फायबरमधून जाणाऱ्या तीव्र प्रकाशाचे गणित यांच्यात जवळचे नाते आहे. डॅनियल सोली, क्लाउस रोपर्स, प्रकाश कूनाथ आणि जलाली यांनी टाइम स्ट्रेच वापरून फायबरमधून निघणारे एकेक स्पंदन सुटे पाहिले. बहुसंख्य स्पंदने एकसारखी होती, पण अधूनमधून एखादे कैक पटींनी प्रखर निघत होते. ‘प्रकाशातल्या राक्षसी लाटा’ सापडल्याचे हे वृत्त २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आले आणि त्यातून संशोधनाची एक वेगळी शाखाच फुटली.

दोन वर्षांनी त्याच गटातल्या केइसुके गोडा यांनी स्पंदनावर व्होल्टेजऐवजी चित्र लिहिले. निरनिराळे रंग वस्तूच्या निरनिराळ्या बिंदूंवर पाडायचे, परतलेला प्रकाश फायबरमध्ये ताणायचा आणि एकाच डिटेक्टरने ओळीने वाचायचा. सेकंदाला ६१ लाख चित्रे घेणारा हा कॅमेरा होता आणि त्याचे झडप-उघडणे ४४० पिकोसेकंदांचे. २०१२ मध्ये त्याचा वापर करून सेकंदाला एक लाख पेशी, वाहत्या द्रवातच, एकेक करून तपासता आल्या. रक्तातल्या लाखो पेशींत दडलेली एखादी कर्करोगाची पेशी शोधायची तर हाच वेग हवा असतो.

पॅरिसजवळच्या सोलेय या सिंक्रोट्रॉनमध्ये जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यांत बारीक सुरकुत्या उमटतात आणि मिटतात, असा तर्क होता. लील विद्यापीठातील सर्ज बिएलाव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पुंजक्याच्या विद्युतक्षेत्राचा ठसा लेसर-स्पंदनावर घेतला, तो फायबरने ताणला आणि फेरीमागून फेरी त्या सुरकुत्या पडद्यावर आणल्या.

बाजारात का नाही?

एवढे सगळे असूनही दुकानात जाऊन ‘प्रकाशाचा एडीसी’ मागितला तर मिळत नाही. पहिले कारण प्रतिस्पर्ध्याचे. इलेक्ट्रॉनिक्स गप्प बसले नाही. अनेक सावकाश एडीसी पाळीपाळीने नमुने घेतील अशी मांडणी करून कंपन्यांनी वेग खेचत नेला. कीसाइटने २०१८ मध्ये आणलेल्या ऑसिलोस्कोपचा पट्टा ११० गिगाहर्ट्झ रुंद आहे आणि तो सेकंदाला २५६ अब्ज नमुने घेतो. अशा वेगाला छापील दहा बिटांतले सगळेच कामाचे नसतात, पण यंत्र टेबलावर बसते आणि बटण दाबले की चालते. मोड-लॉक्ड लेसर, फायबरची वेटोळी आणि डझनभर डिटेक्टर यांचा संसार मांडण्यापेक्षा ग्राहक ते पत्करतो.

दुसरे कारण मॉड्युलेटरचे. व्होल्टेज आणि उजेड यांचे नाते सरळ रेषेचे नसून साइन वक्राचे आहे, त्यामुळे मोठा सिग्नल विकृत होतो; गणिताने ती विकृती उलटवावी लागते. तिसरे कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश फोटॉनांचा बनलेला असल्याने त्यांची मोजदाद नेहमी थोडी डळमळते. दहा बिटांची अचूकता हवी तर प्रत्येक स्पंदनात फोटॉन लाखोंच्या संख्येने डिटेक्टरवर पोचले पाहिजेत, आणि पुढच्या प्रत्येक बिटासाठी ती संख्या चौपट होते. म्हणजे जिटरची भिंत ओलांडली की तेजाची भिंत समोर उभी राहते.

हे सारे चिपवर उतरवणे हा आता मुख्य डाव आहे, आणि तो किती अवघड आहे हे एमआयटीच्याच २०१२ च्या निबंधात दिसते. टेबलावर सुटे भाग जोडून मिळालेले बिट सात होते. प्रकाशाचे मुख्य भाग सिलिकॉनच्या चिपवर आणले तेव्हा दहा गिगाहर्ट्झच्या सिग्नलला साडेतीनच मिळाले. त्यानंतर साहित्य सुधारले. हार्वर्डमधील मार्को लोन्चार यांच्या गटाने २०१८ मध्ये लिथियम निओबेटच्या अतिपातळ थरातून असा मॉड्युलेटर बनवला, की तो साध्या चिपांना झेपेल इतक्या कमी व्होल्टेजवर चालतो आणि शंभर गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. शांघाय जिआओ टोंग विद्यापीठातील वेइवेन झोऊ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वक्राची विकृती आणि वाटावाटांतला बेबनाव न्यूरल नेटवर्ककडून निस्तरून घेतला; ते जाळे आधी ओळखीच्या सिग्नलांवर शिकवलेले होते. जर्मनीतील कार्ल्सरूह तंत्रज्ञान संस्थेत क्रिस्टियान कूस यांच्या गटाने मोड-लॉक्ड लेसरची जागा चिपवरच्या इवल्याशा वर्तुळाकार वाटेत तयार होणाऱ्या फ्रीक्वेन्सी कोंबला दिली. त्यांनी सिग्नलच्या पट्ट्याचे तुकडे केले, प्रत्येक तुकडा वेगळ्या इलेक्ट्रॉनिक एडीसीकडे दिला आणि गणिताने ते पुन्हा शिवून काढले. २०२१ मध्ये त्यांनी या रीतीने ३२० गिगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा आकड्यांत आणून दाखवला.

त्या प्रयोगातही शेवटचा आकडा लिहिणारे एडीसी नेहमीचे, सिलिकॉनचेच होते. कोंब, मॉड्युलेटर आणि डिटेक्टर एकाच तळावर आणणे, तापमान बदलले तरी तुकड्यांची शिवण उसवू न देणे आणि कोंबला ऊर्जा पुरवणाऱ्या लेसरची वीज आटोक्यात ठेवणे, ही कामे अजून बाकी आहेत. ती जमली तर प्रकाशाच्या एडीसीला पहिला ग्राहक बहुधा मोजमापाच्या उपकरणांत आणि रडारमध्ये मिळेल, कारण तिथे एका जास्तीच्या बिटासाठी पैसे मोजायची तयारी असते. मोबाइल फोनमधल्या एडीसीला मात्र त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. तिथल्या वारंवारतांना सिलिकॉनचे घड्याळ पुरून उरते.